शेकाट्यांचं लगीन, उरणच्या सांजेला

हिवाळ्यात पाणजे, भेंडखळ, बेलपाड्याच्या पाणथळींवर कॅमेऱ्यांची झुंबड उडते. थंडी सरली की सगळे पांगतात, आणि उरणच्या पाणपक्ष्यांचा खरा प्रणयकाळ नेमका तेव्हाच सुरू होतो!

हिवाळी पाहुणे इथे येतात ते खाऊन-पिऊन अंगावर चरबी चढवायला. कर्ल्यू सँडपायपरची जोडी जमते थेट सायबेरियाच्या टुंड्रात. रफ पक्ष्याचे नर मानेभोवती पिसांची झालर फुलवून एकमेकांना आव्हान देतात, तेही दूर उत्तरेत. त्यातले काही नर चक्क मादीच्या रूपात वावरून संधी साधतात. आपल्याला मिळते ती फक्त तयारीची झलक: एप्रिलमध्ये निघण्याआधी राखाडी सँडपायपर विटकरी होऊ लागतात.

घरचं कार्य मात्र उन्हाळ्यात. यजमान शेकाट्या, म्हणजे लांब लालगुलाबी पायांचा काळा-पांढरा पक्षी. त्याचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑगस्ट. मादी उथळ पाण्यात मान पुढे ताणून स्तब्ध उभी राहते, हेच आमंत्रण. नर शेजारी येतो, चोच बुडवून पाणी उडवतो, छातीची पिसं साफ करतो, तिच्या मागून अर्धा फेरा घेत दुसऱ्या बाजूला जातो. पुन्हा तेच. पाणी उडवण्याचा वेग वाढत जातो आणि एका क्षणी तो तिच्या पाठीवर असतो. मीलन काही सेकंदांचं. पण खाली उतरल्यावर तो निघून जात नाही. एक पंख तिच्या पाठीवर टाकतो, दोघांच्या चोची एकमेकींवर आडव्या येतात आणि जोडी चार पावलं सोबत चालते. माझ्या मते अख्ख्या सोहळ्यातला हाच सर्वांत देखणा क्षण. ‘मिळाला फोटो’ म्हणून कॅमेरा खाली घेणाऱ्यांच्या हातून नेमका तोच निसटतो.

नर कोण, मादी कोण? पाठ बघा. नराची काळीभोर, हिरवट झाक असलेली, मादीची तपकिरी. भर दुपारी दोन्ही काळ्याच वाटतात, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फरक चटकन उठून दिसतो. सूर्य पाठीशी ठेवलात तर लाल डोळ्यात ठिणगी येते. समोर घेतलात तर नराने उडवलेला एकेक थेंब पेटतो. एक्स्पोजर पांढऱ्या पिसांवर धरा, नाहीतर ती करपून जातात. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा, उजेड उतरला की आयएसओ चढवा आणि कॅमेरा जमिनीलगत आणा. मेअखेरीस सूर्य सातनंतर मावळतो, त्यामुळे घाई नको.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. भरती चढली की खाडीचा चिखल झाकला जातो आणि तिथे चरणारे पक्षी आतल्या पाणथळीकडे सरकतात. अष्टमीच्या भांगाला जोर कमी, म्हणून पंचमी-षष्ठी बरी. पाणी पावणेचार-साडेचारला भरतं आणि ओसरेपर्यंत सोनेरी ऊन हाताशी असतं.

टिटवी तर गावाच्या उंबऱ्यापर्यंत येते. जमिनीवरच्या साध्या खळग्यात चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली. उन्हाचा कडाका वाढला की ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. तुम्ही जवळ गेलात की ती उठते आणि अंडी उघड्या उन्हात तापतात. म्हणून घरट्याचा फोटो काढूच नका. टिटवी डोक्यावर ओरडायला लागली तर मुकाट्याने मागे फिरा.

पाणजेची पाणथळ सुमारे २८९ हेक्टरची. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा अडल्याने ती अनेकदा कोरडी पडली आणि पक्षीप्रेमींनी दाद मागितली. शेकाट्याचं सगळं प्रियाराधन घोटाभर पाण्यावर चालतं. तेवढंही उरलं नाही तर नर चोच बुडवणार कुठे?

प्रियाराधनाचं कोडं सोडवायला महागडी लेन्स लागतेच असं नाही. याच रायगड जिल्ह्यात, किहीमला, सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरणीच्या घरट्यांवर नजर ठेवली आणि त्यांच्या संसाराची रीत उलगडली. नर घरटं अर्धवट बांधतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते. मग नर लगेच दुसरं घरटं विणायला घेतो!

पाणलाव्यात सगळंच उलट. रंगीत पाणलाव्याची मादी झळझळीत तांबूस, नर फिका. पावसाळ्यात, दिवेलागणीला, तीच साद घालते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी. अंडी घातली की ती नव्या जोडीदाराच्या शोधात निघते. उबवणं आणि पिल्लं वाढवणं नराकडे. तेव्हा पिल्लांसोबतच्या फिक्या पक्ष्याच्या फोटोखाली ‘आई आणि बाळं’ लिहू नका, तो बाप असतो!