विश्लेषण : फुलांचा चहा घरी करायचा, पण कोणत्या फुलांचा?

निळ्या गोकर्णाचा चहा आता शहरांतल्या कॅफेंमध्ये मिळू लागला आहे. तीच वेल अनेकांच्या कुंपणावर पावसाळ्यापासून फुललेली असते. यात चहापत्ती नसते, त्यामुळे खरे तर हा फुलांचा अर्क. घरी तो सहज होतो, मात्र फूल ओळखता आले पाहिजे.

कोणती फुले वापरतात?

गोकर्णाला स्वतःची चव जवळजवळ नाहीच, म्हणून सोबत गवती चहा किंवा आले घालतात. त्याचा निळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. लिंबू पिळले की आम्लामुळे तो जांभळा होतो. जास्वंदीबाबत मात्र गल्लत होते. बाजारात ‘हिबिस्कस टी’ म्हणून मिळणारा आंबट लाल चहा दारातल्या जास्वंदीचा नसून तिच्याच कुळातल्या लाल अंबाडीच्या मांसल बोंडांचा असतो. दारातली तांबडी जास्वंदही चालते, पण तिला तो आंबटपणा नसतो. रानातला मोह मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. त्याची फुले पहाटे आपोआप गळतात, त्यामुळे वेचताना झाडाला इजा होत नाही. ती इतकी गोड की साखर लागत नाही.

कसा करायचा?

फुले ऊन चढण्याआधी तोडावीत, किडे झटकून धुवावीत. साठवायची तर सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवावीत. ओल राहिली तर बरणीत बुरशी धरते. एका कपाला गोकर्णाची पाच-सहा फुले पुरतात. गॅस बंद करून ती गरम पाण्यात पाच मिनिटे झाकून ठेवावीत.

धोका कुठे?

कण्हेर, बिट्टी, धोतरा आणि पावसाळ्यात रानात फुलणारी कळलावी ही सारी विषारी आहेत. कण्हेर आणि बिट्टीतील विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. उकळल्याने किंवा वाळवल्याने ते जात नाही. मोबाइलवरच्या फोटोवरून ओळख पटवून रानफूल कपात टाकणे म्हणूनच धोक्याचे. हारासाठी विकत आणलेला गुलाबही नको. तो खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर कीटकनाशकाची फवारणी झालेली असू शकते. वजन उतरते, साखर आटोक्यात येते अशा जाहिरातींवर विसंबून औषधे थांबवू नयेत. अंबाडीच्या चहाने रक्तदाब उतरू शकतो. त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी तो रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.