एचआयव्ही तपासणी खासगी दवाखान्यात: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गावातल्या नर्सिंग होममध्ये एचआयव्हीची तपासणी सुरू झाली की पारावर पहिली शंका निघते: सरकारनं अंग काढून घेतलं. तसं नाही. ही सरकार आणि खासगी दवाखान्याची भागीदारी असते. जागा आणि माणसं दवाखान्याची. तपासणीचे किट आणि प्रशिक्षण सरकारी एड्स नियंत्रण यंत्रणेकडून. यामागचं कारण साधं आहे. कितीतरी बाळंतपणं खासगीत होतात. गरोदर बाईची तपासणीच राहून गेली, तर लागण बाळापर्यंत पोचू शकते. उपचार नसतील तर हा धोका १५ ते ४५ टक्के असतो; वेळेवर औषधं मिळाली तर तो ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो.

दुसरा गैरसमज जास्त घातक: "पट्टीवर रेघ उमटली, आता संपलं." बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब पट्टीवर टाकतात, थोड्या वेळात रेघा दिसतात. पण ही फक्त प्राथमिक चाचणी. ती 'रिॲक्टिव्ह', म्हणजे लागणीची शक्यता दाखवणारी, आली तर त्या व्यक्तीला आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवायचं असतं. तिथं वेगवेगळ्या किटवर पुन्हा चाचण्या होतात आणि मगच निदान ठरतं. एका रेघेवरून बाईला माहेरी धाडणं हा घोर अन्याय आहे. माझ्या मते भागीदारीची खरी कसोटी इथेच लागते. नुसती चिठ्ठी हातात देऊन चालत नाही, आयसीटीसीपर्यंत सोबत कुणीतरी हवं. काही जिल्ह्यांत हे काम लिंक वर्कर करतात: स्वयंसेवी संस्थांमार्फत नेमलेली, त्याच परिसरातली माणसं.

"खासगी डॉक्टरला कायदा लागू नाही" हेही खोटं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. ऑपरेशनआधी न विचारता ही तपासणी उरकून घेणं, रिपोर्ट नातेवाइकांसमोर मोठ्यानं वाचणं, पॉझिटिव्ह म्हणून उपचार नाकारणं, यातलं काहीही खासगी दवाखान्यालाही चालत नाही.

राहिला औषधांचा खर्च. सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांत, ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात, आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच सुरू करता येतात. औषधं मध्येच तुटू नयेत म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुकादमाची उचल घेण्याआधी केंद्रात जाऊन सांगावं, आपण किती महिने आणि कुठल्या तालुक्यात असणार आहोत. म्हणजे गोळ्यांची सोय तशी लावता येते. कुणाशी बोलावं सुचत नसेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.