साल्हेर

साल्हेर : नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील एक दुर्गम गाव व त्याच नावाचा इतिहासप्रसिद्ध गिरिदुर्ग. सटाणा या तालुक्याच्या ठिकाणाच्या वायव्येस, गुजरात राज्यातील डांग जिल्ह्याच्या सीमेलगत सह्याद्रीच्या सेलबारी-डोलबारी रांगेत हे गाव वसले असून तेथे ताहराबादमार्गे जाता येते. परिसरात मुख्यत्वे कोकणा व भिल्ल या आदिवासी जमातींची वस्ती आहे. नागली, भात व वरई ही येथील पारंपरिक पिके होत. जुन्या कागदपत्रांत ‘सालेर’ असेही नामरूप आढळते.

गाव, किल्ला व शिखर यांस एकच नाव असल्याने एकाविषयीची माहिती दुसऱ्यास लावली जाऊन पुष्कळ घोटाळे झाले आहेत. साल्हेर (उंची १,५६७ मी.) हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला होय, राज्यातील सर्वोच्च शिखर मात्र नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांच्या सीमेवरील कळसूबाई (१,६४६ मी.) हे आहे. वरील उंची किल्ल्याच्या माथ्याची असून गाव बरेच खाली, पायथ्याशी आहे. शेजारचा सालोटा हा खिंडीने अलग झालेला स्वतंत्र किल्ला होय.

मध्ययुगात साल्हेर बागलाणच्या बागूल राजांकडे होता. आईन-इ-अकबरी या ग्रंथात बागलाणच्या किल्ल्यांपैकी मुल्हेर व साल्हेर यांच्या मजबुतीचा खास निर्देश आहे. इ. स. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण जिंकून मोगली अंमलाखाली आणले. सुरतेहून दख्खनकडे येणाऱ्या वाटांवर या किल्ल्यावरून नजर ठेवता येत असल्याने त्यास लष्करी महत्त्व होते. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, १६७१ च्या आरंभी, छत्रपती शिवाजी महाराजांनी तो घेतला.

किल्ला घेतल्याचे वर्ष व लढाईचे वर्ष यांची अनेकदा गल्लत होते. किल्ला परत मिळविण्यासाठी मोगलांनी त्यास वेढा घातला. बहादुरखान व दिलेरखान हे सेनानी इखलासखान व इतर सरदारांवर वेढ्याचे काम सोपवून दक्षिणेकडे वळले. फेब्रुवारी १६७२ मध्ये सरनोबत प्रतापराव गुजर व मोरोपंत पिंगळे यांच्या फौजांनी दोन बाजूंनी येऊन वेढा घालणाऱ्या सैन्याचा पराभव केला. इखलासखान जखमी होऊन कैद झाला. मराठ्यांकडील सूर्यराव काकडे धारातीर्थी पडले. म्हणजे येथे पराभव झाला तो इखलासखानाचा, दिलेरखानाचा नव्हे.

मराठ्यांचा मोगलांवरील खुल्या मैदानातील हा पहिला विजय, असे सर्रास लिहिले जाते. परंतु ऑक्टोबर १६७० मध्ये याच जिल्ह्यातील वणी-दिंडोरी येथे महाराजांनी दाऊदखान कुरेशीस उघड्या लढाईत हटविले होते. तेव्हा साल्हेरच्या विजयास ‘पहिला मोठा विजय’ म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. सभासद बखरीत उभयपक्षी सु. दहा हजार माणसे पडल्याचे म्हटले आहे. ही बखर घटनेनंतर सु. दोन तपांनी लिहिली गेल्याने तीतील आकडा जपून स्वीकारावा लागतो. संग्रामाची तीव्रता मात्र त्यावरून ध्यानात येते.

किल्ल्यावर एकामागोमाग एक दरवाजे, कातळात खोदलेल्या पायऱ्या, गुहा, गंगासागर तलाव व रेणुकेचे मंदिर आहे. सर्वोच्च माथ्यावर परशुरामाचे लहान मंदिर असून त्यात पादुका आहेत. परशुरामाने येथून बाण सोडून समुद्र मागे हटविला, अशी आख्यायिका आहे. ती स्थानिक श्रद्धेचा भाग म्हणून नोंदणे योग्य, इतिहास म्हणून नव्हे.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत साल्हेर असून नाशिक जिल्ह्यातील तो एकमेव किल्ला आहे. हा दर्जा किल्ल्यास मिळालेला आहे, गावास नव्हे. तथापि किल्ल्यावर येणाऱ्या अभ्यासकांचे व पर्यटकांचे पहिले पाऊल या लहानशा वस्तीतच पडते.