बांधलेल्या इंजिनाची पहिली परीक्षा

कामगार संघटनेच्या माणसाने इंजिनावर काय बोलावे, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. परंतु वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूच्या गॅरेजांतून जी मंडळी आमच्याकडे येतात, त्यांची पुष्कळशी भांडणे यंत्रापाशीच सुरू होतात. तेव्हा यंत्र समजून घेणे आम्हांस भागच पडले. शाळा लवकर सुटली. हे शिक्षण मिस्त्र्यांजवळ बसून झाले.

इंजिन खोलले, बोअर केले, नव्या रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, हेड आवळले. आता ते पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, हे गेज लावून मोजायचे. आपल्या परिचयाची गाडी घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तरी हौशी मालक अजून तिची इंजिने बांधून घेतात. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटर. पिस्टन वर आला की कोंडलेली हवा सुमारे सातव्या हिश्शाच्या जागेत दाबली जाते. ती रिंगांतून वा व्हॉल्व्हमधून निसटली, तर गाडीत जोर कुठून येणार?

प्रथम चारही स्पार्क प्लग काढून क्रँक पान्याने हाताने दोन फेरे फिरवावा. आत व्हॉल्व्ह पिस्टनला अडत असेल तर हाताला कळते. स्टार्टरला ते कळत नाही, तो सरळ व्हॉल्व्ह वाकवतो. मग कॉइलची तार सोडवावी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, नाहीतर हवा आत पुरेशी येतच नाही, आणि एकेका सिलिंडरला चार-पाच दाब बसतील इतकाच स्टार्टर मारावा. उगाच फिरवत बसू नये. कॅमला लावलेले वंगण पुसले जाते.

आता मुद्द्याची गोष्ट. काट्याने दाखवलेला आकडा हा या वेळी निकाल नव्हे. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी अजून जुळलेल्या नसतात. होनिंगने उमटवलेल्या बारीक रेघांवर घासून त्या बसतात, आणि ते घासणे गाडी ओझ्याखाली चालल्यावरच होते. म्हणून आकडा थोडा कमी येणे स्वाभाविक. उलट, बांधताना तेल सढळ हाताने ओतले असेल तर तेच फटी बुजवते आणि आकडा खोटाच चढतो. पाहायचे ते चौघांतले अंतर. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असले तर चिंता नाही. शेजारचे दोन पडलेले असतील तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. एकच पडला तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे: चढला तर रिंगांची बाजू, न चढला तर व्हॉल्व्हची, बहुधा टॅपेटची फट कमी ठेवलेली असते.

आणि चारही सारखेच कमी आले तर? वसई पूर्वेच्याच एका गॅरेजात असे झाले. मालकाने रिंगा चुकीच्या घातल्या म्हणून हाताखालच्या पोराच्या पगारातून त्यांची किंमत कापली. आम्ही वस्तादाला मध्ये घेऊन चार्ज केलेली दुसरी बॅटरी लावायला सांगितली. स्टार्टर जोमाने फिरला आणि चारही आकडे वर आले. मंद फिरणाऱ्या इंजिनात हवेला निसटायला वेळ मिळतो, एवढेच त्याचे गूढ! पैसे परत मिळाले, पण तीन आठवड्यांनी आणि दोनदा चकरा मारून. बॅटरी ठीक असूनही चारही कमीच राहिले, तर टायमिंग चेनच्या खुणा जुळवून पाहाव्यात. एक दातही चुकला तरी चौघांनाही फटका बसतो.

आमचा आग्रह असा की चारही आकडे, बॅटरीची स्थिती आणि तेल घातले होते की नाही, हे वहीत लिहून मालक व कारागीर दोघांनीही सही करावी. हजारेक किलोमीटर चालल्यावर, इंजिन गरम असताना, पुन्हा मोजून त्याच पानावर दुसरी ओळ लिहावी. रिंगांबद्दल काही बोलायचे असेल तर ते त्या ओळीवरून बोलता येईल.