बिल्ल्यावरचा ब

संस्थानी अमदानीत कचेरीच्या पट्टेवाल्याच्या अंगावर पितळी बिल्ला असे, आणि ज्याला अक्षरओळख नसे त्यालाही त्या बिल्ल्यावरून हा इसम कोणाच्या हुकमाने आला आहे हे उमजे. व्यक्तिगत संकेतस्थळाच्या तळाशी ८८ बिंदू रुंद व ३१ बिंदू उंच अशी चिमुकली चित्रे लावण्याचा प्रघात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात पडला. त्यांचेही काम तेच, म्हणून त्यांना मी बिल्लेच म्हणतो. 'नेटस्केप' न्याहाळकाच्या 'नेटस्केप नाऊ' या बिल्ल्याने हे माप रूढ केले, 'जिओसिटीज' या संकेतस्थळांच्या वसाहतीतल्या असंख्य हौशी पानांनी ते मिरवले, आणि २००९ साली ती वसाहत उठल्यावर लयाला गेलेली ही कला २०१३ मध्ये निघालेल्या 'निओसिटीज'वर पुन्हा अंकुरली.

ज्याचे पाणी एकेकाळी कोल्हापूर शहराला पुरवले जाई त्या कळंबा तलावाविषयी एक लहानसे संकेतस्थळ मांडताना मीही असा बिल्ला करावयास बसलो, आणि पहिल्याच संध्याकाळी 'कोल्हापूर' या शब्दाने मला हार पत्करावयास लावली. रोमन लिपीतले मोठे अक्षर एका पट्टीत सामावते; आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर, असे तीन मजले उभारावे लागतात. 'कळंबा' या शब्दाला तळमजला लागत नाही, एवढ्यासाठी मी त्याचा आश्रय केला. चौकट वगळता उरलेल्या २९ ओळींपैकी एक मोकळी, पाच अनुस्वाराच्या, दोन शिरोरेषेच्या, चौदा अक्षरांच्या, पुन्हा दोन मोकळ्या व पाच पाण्याच्या, अशी वाटणी ठरली.

अनुस्वार एका बिंदूचा काढला तेव्हा तो पडद्यावरचा केर वाटला. चार बिंदूंचा केला तेव्हा उच्चारू लागला. खरी कसोटी 'ब'ची. त्याच्या पोटातली तिरपी रेघ गाळली की 'कळंबा'चे 'कळंवा' होते, आणि काळ्या बिंदूंनी काढली की पोकळी बुजून नुसता डाग उरतो. अखेर तीन बिंदू करड्या रंगाचे घातले. शेजारशेजारच्या सूक्ष्म बिंदूंचा उजेड डोळा दुरून वेगळा करू शकत नाही, त्यांची सरासरी घेतो, आणि त्या सरासरीत मनाला रेघ दिसते. 'विंडोज २०००'मधून घरोघर पोहोचलेला 'मंगल' हा टंक घडवणारे र. कृ. जोशी यांच्याविषयीचा माझा आदर त्या तीन बिंदूंनी दुणावला, कारण त्यांच्यापुढे एक शब्द नव्हता, अखंड लिपी होती.

रंग चारच घेतले: पांढरा, काळा, करडा, निळा. चार रंगांतून एक सांगण्यास दोन बिट पुरतात. २,७२८ बिंदूंना ५,४५६ बिट, म्हणजे ६८२ बाइट. १९८७ साली 'कॉम्प्युसर्व्ह'ने प्रसृत केलेली 'जिफ' पद्धती हा ऐवजही आणखी आवळते: ती चित्र ओळीओळीने डावीकडून उजवीकडे वाचते, पुन्हा येणाऱ्या बिंदुमालिकेची कोशात नोंद करते, आणि पुढच्या वेळी मालिकेऐवजी नोंदीचा क्रमांक तेवढा लिहिते. आडव्या सलग रेषेचा भार त्यामुळे अत्यल्प. ज्या शिरोरेषेने माझी दोन ओळींची जागा अडवली तिने वजनात मात्र मला फारशी तोशीस लावली नाही. छटा हळूहळू उतरवत नेणारे रंगकाम या पद्धतीला महाग पडते, तेव्हा जुन्या बिल्ल्यांचा ठसठशीतपणा ही केवळ अभिरुची नव्हे. संथ दूरध्वनी-तारांच्या काळातली ती काटकसर होती.

हल्लीचे भ्रमणध्वनी चित्र मोठे करताना कडा मऊ करतात, आणि 'ब' पुन्हा गढूळ होतो. म्हणून बिल्ला दुप्पट किंवा तिप्पट अशा पूर्ण पटीतच वाढवावा, आणि कडा मऊ करू नयेत असे पानाच्या आज्ञावलीत स्पष्ट नमूद करावे.

तळाच्या निळ्या पट्टीत मी एक पांढरा बिंदू ठेवला आहे. त्याने सलग ओळ तुटते व थोडे बाइट अधिक खर्ची पडतात. पण तो तलावाकाठचा बगळा आहे.