गुरुवारची शांतता आणि मुलांचा माईक

पिंपरी-भोसरीत चांगला आवाज टिपायचा तर गुरुवार गाठावा लागतो. इथल्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या दिवशी पॉवर प्रेसचे ठोके थांबतात, कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या असतात आणि पत्र्याच्या छपराखालच्या वर्गातही माणसाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. पंचाईत एवढीच, की वीज कंपनीही देखभालीसाठी हाच वार धरते. शांतता असते तेव्हा लाईट नसते आणि लाईट असते तेव्हा कारखाने सुरू असतात. मुलांना पॉडकास्ट शिकवण्याचं काम या पट्ट्यात स्टुडिओपेक्षा मोबाईलवर जास्त वाढलं, त्याचं एक कारण हे आहे.

हे काम नवं वाटत असलं तरी मुलांचा आवाज घराघरांत पोहोचवण्याची खटपट पुण्याच्या परिसरात सत्तर वर्षांपासून चालू आहे. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. तिथल्या ‘बालोद्यान’मध्ये ‘आनंद’ मासिकाचे संपादक गोपीनाथ तळवलकर ‘नाना’ म्हणून मुलांशी बोलत. एका पिढीचे कान या कार्यक्रमाने घडवले, हे मान्यच करायला हवं. पण संहिता मोठ्यांची, तालीम मोठ्यांची, आणि मुलांनी माईकसमोर उभं राहायचं ते पाठ झाल्यावर. मुंबई केंद्रावर ‘कामगार सभा’ही होती. म्हणजे मुलांसाठी वेगळी वेळ होती आणि कामगारांसाठी वेगळी. कामगाराच्या मुलाने आपल्या बापाला चार प्रश्न विचारावेत, अशी जागा दोन्हींत नव्हती.

चित्राच्या बाबतीत ‘बालचित्रवाणी’ची गोष्ट अशीच, फक्त जास्त खेदाची. इन्सॅट उपग्रहाच्या जोरावर शालेय कार्यक्रम बनवण्यासाठी देशातल्या सहा राज्यांत संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातली १९८४ मध्ये पुण्यात. तिच्या कार्यक्रमांनी दूरदर्शनवरून खेड्यापाड्यांतली मुलं विज्ञानाचे प्रयोग पाहू लागली. पुढे पैशांची ओढाताण सुरू झाली, पगार थकले आणि २०१७ मध्ये शासनाने ती बंद केली. गंमत अशी, की त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं होतं आणि याच पट्ट्यातल्या चाकणच्या चाळीतल्या पोराच्या हातातही स्वस्त डेटा पडला होता. पडदा स्वस्त झाला आणि त्याच सुमारास मराठी शालेय चित्रनिर्मितीचं घर मोडलं. त्या रिकाम्या जागेत कोण शिरलं, हे पालकांना सांगायला नको.

आवाजाची वाट मात्र हळूहळू मोकळी होत गेली. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलं. २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचं दार उघडलं. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ वर सुरू झाली, म्हसवडला ‘माणदेशी’ संस्थेच्या बायका स्वतःचं केंद्र चालवू लागल्या. पण त्यालाही परवाना, मनोरा, ट्रान्समीटर आणि पगारी माणूस हवाच. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला हा खर्च झेपणारा नव्हता. २००४ च्या सुमारास ‘पॉडकास्ट’ हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रात प्रथम उमटला तेव्हा आपल्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. त्यातली खरी गोष्ट शब्दात नव्हतीच. परवाना लागत नाही, वेळेचं बंधन नाही आणि संपादनासाठी ‘ऑडॅसिटी’सारखं फुकट साधन २००० पासून उपलब्ध आहे, ही खरी गोष्ट होती.

आता ज्या मुलांना शिकवायचं ती कोण? हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाला, १९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि मग गावं जोडली जाऊन १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांवर होती, २०११ मध्ये सतरा लाखांवर. फोक्सवॅगन २००९ मध्ये चाकणला आली, पाठोपाठ इतरही आल्या आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण गाड्यांचं गाव झालं. खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी या गावांतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत बीड, लातूर, परभणी, जळगाव आणि त्याहून लांब बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं राहतात. एका वर्गात मराठवाडी, अहिराणी, भोजपुरी आणि मूळ मावळ-खेडची मराठी एकत्र बसलेली असते. त्यातली निम्मी मुलं माईक समोर आला की आधी म्हणतात, “सर, माझं बोलणं नीट नाही.”

लॉकडाऊनने या मुलांना नकळत पहिला धडा दिला. २०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ आली. विदर्भात ‘प्रथम’ने आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ चालवली. ती कामं मोठीच. पण औद्योगिक पट्ट्यातल्या घरात मोबाईल एकच, आणि तोही वडिलांबरोबर सेकंड शिफ्टला गेलेला. ऑनलाईन तास कसला होतोय! मग बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर गोष्ट बोलून पाठवायची, मुलांनी रात्री वडील आल्यावर ऐकायची आणि सकाळी आपलं वाचन बोलून परत पाठवायचं, असं सुरू झालं. कुणी त्याला पॉडकास्ट म्हटलं नाही. पण आपलाच आवाज पुन्हा ऐकणं, न आवडणं, खोडून परत बोलणं, हे सगळं त्यात आलं होतं.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत पॉडकास्टच्या कार्यशाळांचं पीक आलं. दिवाळीच्या सुट्टीत, उन्हाळी शिबिरांत, गणेश मंडळांच्या उपक्रमांत, सगळीकडे. ‘अमुक तमुक’, ‘थिंक बँक’, ‘व्हायफळ’ अशा मराठी कार्यक्रमांनी घरातल्या मोठ्यांनाही तास-दीड तास गप्पा ऐकायची सवय लावली होती, त्यामुळे पालकही खूश. बहुतेक शिबिरं मात्र सामानापासून सुरू होतात: रिंग लाईट, कॉलर माईक, फोमचे चौकोन. मला हे उलटं वाटतं. सामानाची शिकवणी अर्ध्या तासाची आहे. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’चा वारा थेट आत घुसणार नाही. पंखा बंद करा. मागे गोधडी टांगा. स्टुडिओतला फोम जे करतो तेच ती करते. बोलणं सुरू करण्याआधी अर्धा मिनिट नुसती खोली ध्वनिमुद्रित करा, संपादनात जोड लपवायला तो तुकडा लागतो. झालं.

वेळ जातो तो प्रश्न विचारायला शिकण्यात. मुलं आधी लिहून आणतात, आणि लिहितात ते निबंधाच्या भाषेत. “आपणास कंपनीत काम करताना कसे वाटते?” या प्रश्नाला वडील “बरं वाटतं” एवढंच उत्तर देतात आणि मुलाखत तिथेच आटोपते. तोच प्रश्न “पहिल्या दिवशी कामावर गेलात तेव्हा डब्यात काय होतं?” असा आला की माणूस बोलायला लागतो: डबा कुणी भरला, खोलीत किती जण राहायचे, पहिला पगार कुठे पाठवला. वायरिंग हार्नेसच्या लाईनवर काम करणाऱ्या आईला एका मुलीने विचारलं, “तुला दिवसभरात बसायला कधी मिळतं?” पुढची काही सेकंदं आई गप्पच. मुलीला ती गप्प जागा कापून टाकायची होती. वर्गातल्या बाकीच्यांनी ती ठेवायला लावली. संपादन म्हणजे काय, हे त्या दिवशी वर्गाला समजलं.

याहून अवघड प्रसंग नेहमीचेच आहेत. कंत्राटावर काम करणारा बाप मुलाशी बोलताना विसरतो की समोर माईक आहे. ओव्हरटाईम बुडाल्याचं, ठेकेदाराने नोकरीत ब्रेक दिल्याचं, बोट कापलं तेव्हा कुणी काय केलं याचं सगळं बोलून जातो, नावांसकट. आठवीतल्या पोराच्या दृष्टीने हा भारी एपिसोड असतो. पण तो बाहेर गेला तर बापाची नोकरी जाऊ शकते. मग बसून ठरवावं लागतं: नाव काढायचं का, गाव काढायचं का, की मुलाखत पूर्ण ठेवायची आणि फक्त घरात ऐकायची? आधी बापाला ऐकवायची, हे तर नक्कीच. माझ्या मते या साऱ्या शिक्षणाचा गाभा इथे आहे. काय प्रसिद्ध करायचं यापेक्षा काय करायचं नाही, हे चौदाव्या वर्षी कळलेला मुलगा पुढे पत्रकार होवो न होवो, मोबाईल हातात असलेला शहाणा माणूस नक्की होतो.

व्हिडिओ आला की गणित बदलतं. कॅमेरा लावला की मुलं यूट्यूबवरच्या कुणाची तरी नक्कल करतात, हातवारे त्याचे, हसणं त्याचं. आणि ‘लाईक, शेअर, सबस्क्राईब’ तर नमस्काराच्या आधी येतं. समोरचा माणूसही सावरून बसतो. शिवाय चाकणच्या वाहन कंपन्यांत गेटवरच मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, त्यामुळे कामाची जागा दाखवता येतच नाही. ती बोलण्यातूनच उभी करावी लागते. एका अर्थी ही अडचण उपकारक ठरली. कॅमेरा शिकवूच नये असं नाही. पाच-सहा आवाजी भाग पुरे झाल्यावर शिकवावा, आणि तेव्हाही चेहऱ्याआधी हात टिपायला शिकवावं: भाकरी थापणारे, सांधा जोडणारे, चाकणच्या बाजारात कांदा निवडणारे.

आणखी एक भान उशिरा आलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. तरीही शाळांच्या चॅनेलवर मुलांचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि गणवेशावरचं बोधचिन्ह सर्रास झळकतं. व्ह्यूज किती आले, हा आकडा मुख्याध्यापकांच्या अहवालात जातो. व्ह्यूजवर मोजलेला पॉडकास्ट वर्ग फसला, असंच मी समजतो. वर्गात पन्नास जणांनी डोळे मिटून ऐकलेला भाग त्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

पूर्वी मुलांना बोलायला जागा नव्हती. आता बोललेलं टिकवायला जागा नाही. मेमरी भरली की मुलं आधी आवाजाच्या फाईली उडवतात. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कॉलनीत पन्नासच्या दशकात राहायला आलेली, नगरपालिकेच्या आधीचं आकुर्डी-भोसरी पाहिलेली, चाकणला शेतं विकून गेटवर नोकरी धरलेली माणसं आज थकली आहेत, काही गेली. त्यांच्या मुलाखती शाळेतल्या पोरांनी घेतल्या आहेत, आणि त्या फुटक्या काचेच्या मोबाईलमध्ये पडून आहेत. शिक्षकांनी एवढं करावं: प्रत्येक मूळ फाईलला बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि त्याने कशाला परवानगी दिली हे लिहून ती दोन ठिकाणी ठेवावी. आणि शहरातल्या एखाद्या वाचनालयाने या आवाजांसाठी एक कपाट आणि एक संगणक द्यावा.