खांड, मोडशी आणि वाहक : आरोग्याच्या परिभाषेतील काही शब्दांची कुळकथा

सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या लोहमार्गावर उधना मागे पडले की थोड्याच वेळात चलथाण हे स्थानक लागते. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील हे गाव आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे असले, तरी नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतील वाचकांना ते परके नाही. दक्षिण गुजरातमधील सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी खानदेशातून दर हंगामात अनेक कुटुंबे त्या भागात जातात, आणि सुरत परिसरातील कापडाच्या धंद्यात तर कित्येक मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. अशा ठिकाणी आजारी पडणाऱ्या माणसाच्या कानांवर शब्द तरी किती भाषांतून पडावेत! मुकादम गुजरातीत सांगतो, घरात अहिराणी किंवा भिली बोलली जाते, आणि डॉक्टर जे लिहून देतात त्याचे मूळ बहुधा ग्रीक वा लॅटिन असते. हे शब्द कोठून आले व त्यांचा नेमका अर्थ काय, याची थोडी माहिती करून घेणे हे केवळ विद्वानांचे काम नव्हे. शब्द चुकीचा समजला म्हणजे उपायही चुकतो, याची उदाहरणे आपल्याच भागात आहेत.

शब्दांचा प्रवास मात्र नेहमी परदेशातून आपल्याकडेच झालेला नाही. चलथाणच्या सहकारी कारखान्याच्या नावात ‘खांड उद्योग’ असे शब्द आहेत. गुजरातीत साखरेला खांड म्हणतात. हाच संस्कृत ‘खण्ड’ फारसी व अरबी व्यापाऱ्यांच्या तोंडून युरोपात गेला आणि इंग्रजी मुलांच्या हातात ‘कँडी’ होऊन पडला. आपली ‘साखर’ही तशीच. संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, रेती. फारसीत तिचे ‘शकर’ झाले, अरबीत ‘सुक्कर’ आणि इंग्रजीत ‘शुगर’. ‘मला शुगर आहे’ असे म्हणणारा खेड्यातील वृद्ध आपल्याच पूर्वजांचा शब्द परदेशी वेषात वापरीत असतो. एवढ्यासाठी त्याला ‘मधुमेह’ म्हणायला लावावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

मोडशी आणि जलसंजीवनी

पोट बिघडून उलट्या-जुलाब झाले की आपण ‘मोडशी झाली’ असे म्हणतो. हा साधा घरगुती शब्द जगाच्या वैद्यक वाङ्मयात केव्हाच जाऊन पोहोचला आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार केले होते. इकडील औषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात त्याने पटकीच्या रोगाचे वर्णन केले असून त्याचे स्थानिक नाव ‘मोर्शी’ असे दिले आहे. ‘मोडणे’ या क्रियापदापासून आलेला हा शब्द, म्हणजे माणसाला मोडून टाकणारा आजार. पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले. ते फ्रेंचांच्या कानी पडताच त्यांना त्यात आपल्या भाषेतील ‘मोर द शियँ’ ऐकू आले, आणि त्याचा अर्थ होतो कुत्र्याचे मरण! पुढे कित्येक युरोपीय प्रवाशांनी हा रोग खरोखरच कुत्र्याच्या मौतीने मारतो म्हणून हे नाव पडले, असे समजून घेतले. परक्या शब्दाला आपल्या भाषेतील ओळखीचा अर्थ चिकटवण्याची ही सवय केवळ अडाणी माणसांची नव्हे, हे येथे ध्यानात यावे.

आज डॉक्टर ज्याला कॉलरा म्हणतात, त्या शब्दाचे नाते ग्रीक भाषेतील पित्तवाचक शब्दाशी आहे. आपल्याकडे पटकी, जरीमरी अशी नावे रूढ होती आणि मरीआईची पूजा होत असे. नावे कितीही बदलली, तरी मृत्यूचे कारण एकच होते : शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जाणे. त्यावरचा उपाय म्हणून शिरेतून ‘सलाइन’ देण्याची पद्धत आली. ‘सलाइन’ म्हणजे खारे, मिठाचे पाणी. याहून त्या शब्दात काही गूढ नाही. तरीही ‘सलाइन लावले’ म्हणजेच खरा उपचार झाला, अशी समजूत खेड्यापाड्यांत दृढ आहे आणि त्यापायी गरीब माणूस नाहक खर्चात पडतो.

१९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीचा उद्रेक झाला आणि सलाइनचा साठा अपुरा पडू लागला. तेव्हा डॉ. दिलीप महालानबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातूनच ते पाणी पाजविण्यास सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण त्या छावणीत चार टक्क्यांच्याही खाली आले. यातील मर्म साखरेत आहे. नुसते मीठ आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही. ग्लुकोज सोबत असला म्हणजे तो मिठाला वाट करून देतो, आणि त्या दोघांपाठोपाठ पाणी शरीरात शिरते. या द्रावणास मराठीत ‘जलसंजीवनी’ हे नाव मिळाले. परिभाषा घडवावी तर अशी, असे म्हणावेसे वाटते. कारण पाण्याने जीव वाचतो हे त्या नावातच सांगितलेले आहे. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. उसाच्या फडावर पडणाऱ्या पालांत पाणी कोठून येते व कसे साठवले जाते हे पाहता, तेथे प्रत्येक घरात हे प्रमाण तोंडपाठ असणे इष्ट होय.

प्लेग : एक नाव, दोन वाटा

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी ओळखलेला प्लेग आपल्या आजी-आजोबांच्या आठवणींत ‘गाठीचा ताप’ म्हणून राहिला. ‘प्लेग’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘आघात’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. साथीचा तडाखा असे आपण म्हणतोच, त्याच जातीची ही कल्पना. पण वैद्यक त्यापुढे जाऊन दोन विशेषणे लावते. ‘ब्यूबॉनिक’ म्हणजे जांघेचा, कारण गाठ बहुधा तेथे येते. आणि ‘न्यूमॉनिक’ म्हणजे फुफ्फुसाचा. पहिला उंदरांवरील पिसवांच्या दंशाने होतो. दुसरा मात्र रुग्णाच्या खोकल्यातील तुषारांवाटे थेट दुसऱ्या माणसास होऊ शकतो.

या विशेषणांचे महत्त्व १९९४ साली कळून आले. त्या वर्षी ऑगस्टअखेर बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगची लक्षणे आढळली, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगचे निदान जाहीर झाले. लोकांच्या तोंडी मात्र ‘प्लेग’ एवढा एकच शब्द होता, आणि त्यासोबत शंभर वर्षांपूर्वीची धास्ती. लाखो माणसांनी काही दिवसांत सुरत सोडले. मिळेल त्या गाडीने लोक गावाकडे निघाले. त्यांत खानदेशकडे येणारेही होतेच. ‘टेट्रासायक्लीन’ हे औषध दुकानांतून दिसेनासे झाले. (या नावाचा अर्थ केवळ ‘चार कड्यांचे’ एवढाच आहे, कारण त्याच्या रेणूची रचनाच तशी असते. ‘टेट्रा’ आणि आपला ‘चतुर्’ हे एकाच कुळातील शब्द. ‘सायकल’ आणि ‘चक्र’ हेही तसेच.) वेळीच घेतल्यास हे औषध रोगावर गुणकारी होते आणि निकट संपर्कात आलेल्यांना संरक्षणही देत होते. म्हणजेच भीतीने दूरच्या गावी पळण्यापेक्षा आहे तेथेच राहून औषध घेणे अधिक सुरक्षित होते. हे दोन वाक्यांत सांगता येण्यासारखे होते. पण अफवा गाडीच्या वेगाने गेली आणि सूचना मागून पोहोचल्या.

अशा प्रसंगी कानी पडणारा ‘क्वारंटीन’ हा शब्द इटलीतील. साथीच्या प्रदेशातून आलेल्या जहाजांना बंदराबाहेर थांबवण्याची प्रथा १३७७ साली एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा या नगरात तीस दिवसांची होती. पुढे ती चाळीस दिवसांची झाली. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. बाळंतिणीचा सव्वा महिना पाळणाऱ्या आपल्या समाजास ही कल्पना मुळीच नवी नव्हती. परंतु १८९७ साली पुण्यात ती शिपायांच्या बुटांसोबत घरात आली, त्यामुळे शब्दाला दहशतीचा वास लागला तो लागलाच.

२०२० सालच्या करोना साथीत त्यासाठी दोन मराठी शब्द पुढे आले. आजारी माणसास वेगळे ठेवणे म्हणजे ‘विलगीकरण’, आणि अद्याप आजारी नसलेल्या परंतु संपर्कात आलेल्या माणसास काही दिवस वेगळे ठेवणे म्हणजे ‘अलगीकरण’. भेद शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य होय. पण दोन्ही शब्द एका अक्षराने वेगळे! पत्रकांतसुद्धा ते एकमेकांच्या जागी पडू लागले, मग ग्रामपंचायतीच्या फलकाची कथा काय सांगावी? ‘आजारी आहे म्हणून वेगळा’ आणि ‘संपर्कात आला म्हणून वेगळा’ असे सरळ लिहिले असते तर जागा थोडी अधिक लागली असती, इतकेच.

कोयत्याच्या आकाराची पेशी

आता ज्या शब्दामुळे सध्या सर्वांत जास्त गैरसमज होतात, त्याकडे वळू. भिल्ल, पावरा, गावित, कोकणा इत्यादी आदिवासी समाजांत सातपुड्यापासून सुरत-तापीपर्यंत ‘सिकलसेल’ हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. १९१० साली शिकागोचे डॉ. हेरिक यांनी दंतवैद्यक शिकणाऱ्या एका कॅरिबियन तरुणाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता तांबड्या पेशी गोल न दिसता लांबट व विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या. ‘सिकल’ म्हणजे विळा. ‘सेल’ म्हणजे मूळ लॅटिनमध्ये लहानशी खोली. हा ‘सेल’ विजेरीतला नव्हे आणि दुकानावरचाही नव्हे, हे वर्गात एकदा सांगून टाकलेले बरे.

निरोगी तांबडी पेशी गोल, मऊ व मध्ये किंचित दबलेली असते, आणि केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही ती दुमडून निघून जाते. विळ्यासारखी झालेली पेशी ताठ असते. नालीत चिपाड आडवे पडावे तशी ती अडकते आणि तिच्यामागे इतर पेशी तुंबतात. सांध्यांत, पोटात, छातीत असह्य वेदना उठतात त्या यामुळे. तहान, अतिश्रम, थंडी व ताप ही त्याला निमित्ते होतात. पहाटेच्या गारठ्यात फडात उतरून, पुरेसे पाणी न पिता दुपारपर्यंत तोडणी करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही सारी निमित्ते एकत्र येतात. कामचुकारपणा म्हणून मुकादमाने ज्याच्याकडे पाहावे, तो खरोखरीच दुखण्याने वाकलेला असू शकतो.

परंतु याहून नाजूक प्रश्न ‘वाहक’ या शब्दाचा आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आला असेल तर त्या व्यक्तीस वाहक म्हणतात. ती सहसा निरोगी असते व सर्वसामान्य आयुष्य जगते. आता खेड्यातील माणसाने हा शब्द कोठे ऐकलेला असतो? एक तर एस. टी. गाडीत, तिकिटे देणारा तो वाहक. दुसरे, आरोग्य खात्याच्याच भित्तिपत्रकावर : ‘डास हा हिवतापाचा वाहक आहे.’ मग तपासणीनंतर एखाद्या मुलीला ‘तू वाहक आहेस’ असे सांगितले, की घरचे काय समजतील? ही रोग पसरवते, हिच्या ताटात जेवू नये, हिची सोयरीक मोडावी. सिकलसेल शिवल्याने, एकत्र जेवल्याने वा डासाने होत नाही. तो जन्मतःच येतो. दोन्ही जोडीदार वाहक असतील तरच प्रत्येक अपत्याच्या वेळी चारात एक शक्यता रुग्ण होण्याची, दोन वाहक होण्याच्या आणि एक पूर्णतः मुक्त असण्याची. एकच वाहक असेल, तर अपत्य रुग्ण होत नाही. म्हणून तपासणी लग्नाआधी दोघांचीही व्हावी. एकट्या मुलीची करून भागत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानातही तपासणीबरोबर समुपदेशन सांगितलेले आहे. त्या समुपदेशनात ‘वाहक’ ऐवजी ‘अर्धा गुण असलेली व्यक्ती’ असे म्हटल्यास निम्मा गैरसमज तेथेच मिटेल, अशी आमची सूचना आहे.

‘सिकलसेल’ हा शब्द मात्र बदलू नये. त्याचे संस्कृत भाषांतर करणे अवघड नाही, पण तळोद्याच्या आरोग्य केंद्रात शिकलेले ते नाव पुढे चलथाणच्या दवाखान्यात गुजराती परिचारिकेस कळणार नाही. ‘सिकलसेल’ दोन्हीकडे सारखाच कळतो. हंगामाला जाणाऱ्या कुटुंबाने तपासणीचे कार्ड गावी पेटीत न ठेवता सोबत न्यावे.

अहवालावरील खुणांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. प्रथम जी विद्राव्यता चाचणी होते ती ‘पॉझिटिव्ह’ आली, तर त्याचा अर्थ ‘चांगली’ असा नाही आणि ‘रुग्ण आहे’ असाही नाही. रक्तात तो गुण आहे एवढेच तिने कळते. अर्धा की पूर्ण, हे कळत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते. तिच्या ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ या लांबलचक नावातील ‘फोरेसिस’चा अर्थ वाहून नेणे असा आहे : विजेच्या साह्याने रक्तातील द्रव्ये वाहून नेऊन वेगळी करणे. तिच्या निकालात ‘ए ए’ असेल तर गुण नाही, ‘ए एस’ असेल तर अर्धा, आणि ‘एस एस’ असेल तर ती व्यक्ती रुग्ण आहे व तिला नियमित औषध आणि भरपूर पाणी हवे.